दोन गेटांच्या मधे

तोंडवली,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सईस,


तुझा बेत मोबाइलवर वाचला. उत्तर बोटांनी टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. तोंडवलीहून निघायचं, दाजीपूरला गवे बघायचे, कोल्हापुरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी चांदोलीची सफारी आणि तिथून थेट पुणं. कागदावर बेत चोख आहे. एसटीत स्टेअरिंगवर सगळी नोकरी झाली माझी, त्यामुळे वेळापत्रक पाळणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण तुझ्या या वेळापत्रकात जंगल फक्त दोन गेटांच्या आत आहे, आणि मधला सगळा भाग म्हणजे नुसतं अंतर कापणं. माझं म्हणणं उलट आहे. गेटांच्या आत जेवढं मिळेल तेवढं घे, पण दिवस खर्च कर तो मधल्या भागावर.

का, ते सांगतो. एप्रिल 2022 मध्ये राधानगरीच्या जंगलात एका नर वाघाचा फोटो कॅमेऱ्यात आला. डिसेंबर 2023 मध्ये चांदोलीत एक वाघ टिपला गेला. पट्टे जुळवून पाहिले तर तोच तो. दोन्ही जागांत शंभरेक किलोमीटरचं अंतर. आता हा गेला कुठून? राधानगरी सोडून डोंगराच्या कण्याने उत्तरेला निघालं की गगनबावड्याचा रस्ता आडवा येतो, जिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट खाली उतरतात. पुढे अणुस्कुरा. त्यापुढे आंबा घाट, रात्रंदिवस ट्रकांचा. हे सगळे डांबरी रस्ते त्याने कधीतरी, बहुधा रात्री, ओलांडले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. यातल्या काही घाटांत मी रात्रीची गाडी चालवलेली आहे. कुणास ठाऊक, माझ्या एखाद्या वळणामागे त्याचा आजा-पणजा थांबून राहिला असेल, गाडी जाईपर्यंत.

म्हणून फोंडा घाट चढून दाजीपूर झालं की हायवेकडे पळू नकोस. राधानगरीत थोडं थांब. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आणि त्याचे आपोआप उघडणारे सात दरवाजे तुझ्या लेकीला, ओवीला दाखव. दाजीपूरचं जंगल आधी कोल्हापूर दरबारचं शिकारीचं रान होतं, 1958 साली ते गव्यांसाठी राखलं गेलं. मग शक्य तितकं डोंगराच्या बाजूला राहून गगनबावड्याला ये. तिथून अणुस्कुऱ्याचा रस्ता ओलांडत मलकापूर, कोकरूड, आरळा करत मणदूर. या वाटेला वेळ दुप्पट लागेल. जावईबापू कुरकुरतील, त्यांना माझं नाव सांग. प्रत्येक घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेऊन ओवीला एकच गोष्ट विचार: तू वाघ असतीस तर इथून पलीकडे कुठून गेली असतीस? कुठे झाडी रस्त्याला दोन्हीकडून भिडते, कुठे हॉटेल उभं राहिलंय, कुठे तारेचं कुंपण घातलंय, कुठे बॉक्साइटसाठी डोंगराचं टक्कल केलंय, ते तिला आपोआप दिसायला लागेल.

वाघ दिसला नाही तर ती हिरमुसेल असं लिहिलंयस. तिला आत्ताच सांगून ठेव, दिसणार नाही. चांदोली म्हणजे ताडोबा नव्हे. दाट सदाहरित रान, प्रचंड पाऊस, आणि वाघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 2004 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयनेसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीतही नाव लागलं, पण यादीत नाव लागल्याने वाघ येत नाहीत. जे आले ते पायांनी आले, आणि तेही नर. नर लांबवर भटकतो, मादी सहसा आईच्या आसपासच आपली हद्द मांडते. म्हणून तर 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबातून एक वाघीण तिथे आणावी लागली. पुढे पिल्लं झाली तर त्यांना जायला वाट हवी, दक्षिणेला राधानगरी, आपलं आंबोली, तिलारी, थेट गोव्यापर्यंत. ती वाट म्हणजेच तू बेतातून गाळलेला भाग.

चांदोलीत आणखी एक गोष्ट बघ, जी सफारीवाले सहसा दाखवत नाहीत. आचऱ्याची गावपळण तुला आठवते ना? रामेश्वराचा कौल झाला की माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या सगळं घेऊन गाव वेशीबाहेर राहुट्यांत तीन दिवस, तीन रात्री. घरं रिकामी टाकून. चौथ्या दिवशी परत कौल, आणि परत घर. चांदोलीतली गावंही अशीच निघाली, आधी वारणेच्या धरणामुळे, मग 1985 मध्ये अभयारण्य झालं त्यामुळे. त्यांना परतीचा कौल काही मिळाला नाही. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी त्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ठिय्ये दिले. आज ज्या कुरणावर गवे चरताना तू फोटो काढशील, ते बऱ्याचदा पूर्वीचं कुणाचं तरी भाताचं खाचर असेल. रानात एकटाच फणस किंवा रायवळ आंबा दिसला, की त्याच्या आसपास जोतं शोध. सोबतचा वाटाड्या बहुधा त्या भागातलाच असेल. त्याला जनावरांची नावं विचारण्याआधी त्याच्या आजोबांच्या गावाचं नाव विचार. मग तो जे दाखवेल, ते तिकिटावर लिहिलेलं नसतं.

मग माणसांना उठवलं ते चूक की बरोबर, असा प्रश्न ओवी करेल. मला विचारशील तर मी सरळ उत्तर देणार नाही. रान परतलंय हे खरं, आणि ज्यांनी जागा दिली त्यांचं देणं बाकी राहिलं हेही तितकंच खरं.

आता गाडी चालवण्याबद्दल. हे मात्र सरळ सांगतो आणि जावईबापूंना वाचून दाखव. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याला ब्रेक तापल्याचा वास येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, ती थांबली तर तिला परत उचलावं लागतं. दिवस मावळल्यावर घाटात शिरायचं नाही. गवा रस्त्यावर उभा राहिला तर हॉर्न नको, दिवे मंद करायचे, काच वर, आणि थांबायचं. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, तुमच्या गाडीला तो मोजत नाही. एक पलीकडे गेला म्हणून लगेच गाडी काढायची नाही. कळप असतो, मागून वासरू येतं, आणि वासरू व आई यांच्या मधे गाडी घालणं यासारखा मूर्खपणा नाही. माकडांना बिस्किटं द्यायची नाहीत. घाटात त्यांना खाऊ घालणारे पुण्य कमावतात आणि नासाडी आमच्या बागांची होते, नारळाची कोवळी शहाळी फेकून देतात ती.

शेवटचं, सड्याबद्दल. चांदोलीत झोळंबीचा सडा आहे. तू गेल्यावर म्हणशील, हे तर आपल्या तोंडवलीच्या सड्यासारखंच, काळा कातळ आणि वाळलेलं गवत. तसंच दिसेल, डिसेंबर आहे. आपल्या सड्यावर सी वर्ल्ड आणायची टूम निघाली, मासे काचेत ठेवून लोकांना दाखवायचे, तेही समुद्र शंभर पावलांवर असताना. तोंडवली आणि वायंगणीने विरोध केला. त्या वेळी एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यायचं, की इथे आहेच काय. पावसात त्याच कातळावर फुलं उगवतात, डबक्यांत बेडूक असतात, आणि खालच्या विहिरींचं पाणी तिथूनच मुरतं. झोळंबीच्या सड्याला निदान कायद्याचं कुंपण आहे. गगनबावडा ते आंबा या पट्ट्यातल्या कित्येक सड्यांना तेही नाही. तुझ्या ओवीने त्या मधल्या एखाद्या सड्यावर अर्धा तास बसावं, फोन न काढता. काही दिसलं नाही तरी चालेल.

शुक्रवारी रात्री येताय ना? गाडी तळाशिलाकडे खाली आणू नका, एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे सगळी वाळू, चाक रुतलं की बैलांशिवाय निघत नाही आणि बैल आता राहिले नाहीत. वरच थांबवा, मी बॅटरी घेऊन येतो. मामी घावणे करणार आहे, सोबत काळ्या वाटाण्यांचं सांबारं. स्टेपनीत हवा आहे की नाही ते निघण्याआधी बघून घ्या.

तुझा,
मामा