मेसेज गेला होता, मॅडम

वीज कंपनीचा माणूस आमचं कनेक्शन तोडून गेला तेव्हा आमच्याकडे वीजबिलाचा एक रुपयाही थकलेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्यानंतर ते ज्याला-त्याला सांगावं लागलं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव दिसला: असेल काहीतरी राहिलेलं, उगीच कोण कापतंय? आमच्या सेक्रेटरींनी तर जिन्यात गाठून आवाज खाली आणला, 'काही अडचण होती तर सांगायचं होतंत, वहिनी.' अडचण म्हणजे पैशांची. उपनगरातल्या तीन मजली सोसायटीत अशी बातमी संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या बायकोलाही कळलेली असते.

राहिली होती ती अतिरिक्त सुरक्षा ठेव. आपल्यापैकी बहुतेकांना ही भानगड ठाऊकच नसते. कनेक्शन घेताना आपण ठेव भरतो आणि विसरून जातो. कंपनी विसरत नाही. आर्थिक वर्ष संपलं की ती आपल्या वर्षभराच्या बिलांची सरासरी काढते. दर महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव त्या सरासरीच्या दुप्पट असावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. वापर वाढला किंवा दर वाढला की जुनी ठेव कमी पडते आणि फरकाची वेगळी मागणी निघते. वेगळी हा शब्द लक्षात ठेवा. मी बिल मोबाइलवरच्या पेमेंट ॲपमधून भरते. ग्राहक क्रमांक टाकला की रक्कम येते, ती भरते. त्या रकमेत ठेवीची मागणी कधी दिसली नाही. बिल भरल्याच्या सगळ्या पावत्या माझ्याकडे आहेत, तारखांसकट.

शुक्रवारी दुपारी पंखा बंद पडला. आधी वाटलं, सगळ्यांचीच गेली असेल. मग समोरच्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज आला. खाली मीटर केबिनमध्ये गेले तर लाइनमन आमचं कटआउट काढून दुसऱ्या यादीत काहीतरी शोधत होता. मी विचारलं, नोटीस कुठाय? तो म्हणाला, 'कागद ऑफिसात. आमच्याकडे फक्त लिस्ट येते.' त्याच्यावर माझा राग नाही. वर सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांना बेडसोअर होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी हवेची गादी आहे, असं सांगितल्यावर त्याने मान खाली घातली. पण कटआउट खिशातच ठेवलं.

समोरच्यांकडून वायर ओढून गादीचा पंप चालू केला आणि ऑफिस गाठलं. तिथे हे सांगितल्यावर काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा हसला. 'असं करू नका. तुमच्या शेजाऱ्यांवर केस होईल.' दुर्दैवाने हे खरं आहे. एका जागेसाठी मंजूर झालेली वीज दुसऱ्या जागेत वापरणं हा वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. आम्हाला दोन शब्दांची नोटीस द्यायला ज्यांना जमलं नाही, त्यांना हे कलम मात्र तोंडपाठ होतं.

पुढचं संभाषण मी शब्दशः देते.

'मेसेज गेला होता, मॅडम.'

'मला आलेला नाही.'

'सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दिसतंय.'

'कोणाला?'

'रजिस्टर्ड नंबरला.'

'तो कोणाचा?'

'तुमचाच असणार ना. बिल तुमच्या नावावर आहे.'

मी म्हटलं, स्क्रीन वळवा. नियमात बसत नाही, असं पुटपुटत त्याने शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. ते माझे नव्हते, नवऱ्याचे नव्हते, मुलीचेही नव्हते. पण ओळखीचे वाटले. मोबाइलमध्ये शोधले आणि नाव निघालं: ज्यांच्याकडून आम्ही हा फ्लॅट घेतला ते गृहस्थ. घर विकून ते नाशिकला गेले, त्याला काही वर्षं झाली.

मी तिथूनच, काउंटरवर फोन ठेवून, स्पीकरवर त्यांना फोन लावला. ते अतिशय आनंदाने बोलले. 'हो हो वहिनी, येतात ना मला सगळे मेसेज! तुमचं बिल, रीडिंग, मंगळवारी सप्लाय बंद राहणार तेही. ठेवीचे पण दोन-तीन आले होते. मी डिलीट करतो. म्हटलं, तुम्हालाही येत असतील.'

काउंटरवरचा माणूस हे सगळं ऐकत होता. मला वाटलं, आता तरी तो काही बोलेल. त्याने ड्रॉवर उघडून एक कोरा फॉर्म काढला आणि माझ्यापुढे सरकवला. 'मोबाइल नंबर अपडेटचा. हा भरा.' मी माझ्या फाइलमधून नावबदलाच्या अर्जाची झेरॉक्स काढली. घर घेतलं तेव्हा मी रीतसर अर्ज केला होता, त्यावर पोचेचा शिक्का आहे आणि मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात माझा क्रमांक माझ्याच अक्षरात आहे. त्याने तो पाहिला. 'नाव बदललं म्हणजे नंबर बदलत नाही, मॅडम. ती वेगळी प्रोसेस.' मग हा रकाना कशाला छापलाय, असं विचारलं तर म्हणाला, 'फॉर्म वरून येतो.'

त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं ते सांगते. तो रात्री साडेनऊचा मेसेज आठवतो का? 'प्रिय ग्राहक, मागील बिल अपडेट न झाल्यामुळे आज रात्री 9.30 वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित केला जाईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा.' 2022 च्या सुमारास देशभर या फसवणुकीचा सुळसुळाट झाला होता. खाली कोणाचातरी खासगी मोबाइल क्रमांक. फोन केला की समोरचा 'अधिकारी' स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो, दहा रुपये भरायला सांगतो आणि तेवढ्यात खातं मोकळं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे पैसे असेच गेले. मलाही तो मेसेज आला होता, एकदा नव्हे, अनेकदा. म्हणजे भामट्यांकडे माझा बरोबर नंबर होता. ज्यांना मी दरमहा पैसे देते त्यांच्याकडे नव्हता.

आणि गंमत बघा, 'वीज कापण्याच्या मेसेजवर विश्वास ठेवू नका' असं आपल्याला सांगत होत्या त्या वीज कंपन्याच. पोलीसही तेच सांगत होते. आपण शहाण्यासारखं ऐकलं. आता तोच मेसेज नोटीस म्हणून दाखवतात! कायद्यात लेखी नोटीस म्हटलंय खरं, पण आपल्या राज्यात ती एसएमएस, ईमेल, व्हॉट्सॲपवरूनही देता येते. कागदी बिल बंद करा, झाडं वाचवा, हेही चाललंयच. ठीक आहे, पण मग ज्या क्रमांकावर ही नोटीस जाते तो क्रमांक आपला आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी कोणाची? माझं मत विचाराल तर पूर्णपणे कंपनीची. व्यवहारात ती आपल्यावर येऊन पडते, म्हणून पुढचं लिहिते.

घर विकत घेतलेलं असो, वारसाने आलेलं असो, भाड्याचं असो, आजच आपल्या वीज कंपनीच्या हेल्पलाइनला किंवा 1912 ला फोन करा आणि विचारा, माझ्या ग्राहक क्रमांकाशी कोणता मोबाइल जोडलेला आहे? शेवटचे चार आकडे सांगायला लावा. तुमच्या मोबाइलवर बिलाचे मेसेज येतात म्हणून निर्धास्त राहू नका. पेमेंट ॲप स्वतःहून आठवण करतं, तिला मीही कंपनीचा मेसेज समजत होते. अशी ॲप्स बिलाची रक्कम सांगतात, बाकी काहीच सांगत नाहीत. ईमेलही तपासा. मीटर बदलला, नाव बदललं, काहीही बदललं की पुन्हा विचारा. भाडेकरूंनी तर घरमालकाचा नंबर लागलेला आहे असंच धरून चालावं. घर विकणाऱ्यांनो, तुम्हीही जरा जाता जाता आपला नंबर काढून टाका. नाशिकच्या गृहस्थांवर मी चिडले नाही असं म्हणणार नाही. महिनोन्महिने दुसऱ्याच्या घराची वीज जाणार असल्याचं वाचायचं आणि एक फोन करायचा नाही, म्हणजे कमाल आहे.

एप्रिल-मे-जूनमध्ये ठेवीच्या मागणीकडे लक्ष ठेवा आणि आकडेमोड स्वतः करा. मागच्या बारा बिलांची बेरीज, भागिले बारा, गुणिले दोन. त्यातून बिलावर छापलेली जमा ठेव वजा. रक्कम जुळली नाही तर लेखी विचारा. फार मोठी असेल तर हप्ते मागून बघा. या ठेवीवर कंपनीने व्याज द्यायचं असतं, ते बिलात जमा झालं का तेही पाहा. मागणीची नोटीस बजावल्यापासून तीस दिवसांत ठेव भरली नाही तर पुरवठा तोडण्याचा अधिकार कलम 47 कंपनीला देतं. नोटीस 'बजावल्यापासून', कॉम्प्युटरमधून 'सुटल्यापासून' नव्हे. माझं सगळं भांडण या एका शब्दावर उभं आहे.

बिलाच्या थकबाकीसाठी वेगळं कलम आहे, 56. वीज कायदा 2003. तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. आणि यात एक तरतूद आहे जी काउंटरवर कोणीही आपणहून सांगत नाही: बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम, किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत राखून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. 'हरकत राखून' हे शब्द अर्जावर लिहा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं त्यांच्याकडे कधीच कोणाला आठवत नाही. मी पुनर्जोडणीचं शुल्क असंच भरलं. त्याशिवाय रात्री वीज आली नसती, आणि हरकत न राखता भरलं असतं तर मी थकबाकीदार आहे हे सेक्रेटरींचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मेसेज खरा की खोटा हे कसं ओळखायचं? खऱ्या कंपनीचा मेसेज दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या शीर्षकातून येतो. आता त्या शीर्षकाच्या शेवटी मेसेजचा प्रकार सांगणारं एक अक्षरही असतं. जाहिरात असेल तर 'पी', सेवेचा मेसेज असेल तर 'एस'. हेही डोळे झाकून मानू नका. मेसेजमधल्या नंबरवर फोन करायचा नाही, लिंक उघडायची नाही. बिलावर छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 आणि बँक. बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार बँकेवर येते, म्हणून मुलगा ऑफिसमधून येईपर्यंत थांबू नका. काका थांबले होते.

बाकी नेहमीचंच. बिलं वेळेवर भरा, पावत्या जपून ठेवा, घरात आजारी माणूस असेल तर इन्व्हर्टर घ्या. आम्ही घेतला. 2020 च्या ग्राहक हक्क नियमांनुसार वीज अचानक गेली तर कंपनीने ती कधी येईल याच्या अंदाजासह मेसेज करायचा आहे. आता माझ्या मोबाइलवर तो येतो. त्यातला अंदाज वाचून मी गहू दळायला टाकायचे की नाही हे ठरवत नाही, एवढंच सांगते.

तक्रारीचं म्हणाल तर आधी कंपनीच्या अंतर्गत कक्षाकडे, तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे. आपल्या राज्यात ते मुंबईत आणि नागपुरात आहेत. माझी तक्रार कक्षातून 'तांत्रिक बाब' असा शेरा मारून परत आली. मंचाकडे अर्ज दिलाय. त्यात मानसिक त्रास, अपमान वगैरे पानभर लिहिलं होतं, ते एका ओळखीच्या बाईंनी खोडायला लावलं. त्यांनी स्वतः कंपनीशी भांडून केस जिंकलेली आहे. त्यांच्या सांगण्यावरून शेवटी ठेवलं ते एवढंच: ग्राहक क्रमांक, तोडल्याची तारीख आणि वेळ, नावबदलाच्या अर्जाची शिक्का असलेली प्रत, आणि एक मागणी. ठेवीची नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर पाठवली आणि तो क्रमांक माझा असल्याचा कंपनीकडे काय पुरावा आहे, हे लेखी द्यावं.