मतदान आधी, वसुली नंतर

सोलापूरहून अमेरिकेला टॉवेल पाठवणाऱ्या कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. आयातशुल्क लावायचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेनं तिथल्या काँग्रेसला दिला. १९३४ पासून तिनं तो टप्प्याटप्प्यानं अध्यक्षांकडे सोपवला. २० फेब्रुवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयानं १९७७ च्या आणीबाणी कायद्यातून अध्यक्षांना टॅरिफ लावता येत नाही, असा निकाल दिला. या सगळ्या काळात जे कळलं ते असं.

१. दरापेक्षा तारीख जास्त छळते. टेरी टॉवेलवरच्या ९.१ टक्के ड्यूटीवर आमचे भाव बसलेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशानं त्यावर आधी २५ टक्के चढले आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के, एकूण ५९.१. दुसऱ्या वाढीची घोषणा झाली ६ ऑगस्टला. २७ च्या आधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथल्या कस्टम्समध्ये नोंदलेला माल त्यातून सुटणार होता. पण न्हावा शेवाहून न्यूयॉर्कला महिना सहज लागतो! शेवटच्या आठवड्यात भरलेल्या कंटेनरला ही सवलत कागदावरच राहिली. बायरचे फोन एकाच गोष्टीसाठी यायचे: बिल ऑफ लेडिंगवर ऑन बोर्डची तारीख कोणती?

२. लोकप्रतिनिधी म्हणजे शहाणपण, असं मुळीच नाही. आयातशुल्क वाढवणारा १९३० चा स्मूट-हॉली कायदा काँग्रेसचाच. शेतमालासाठी निघालेल्या विधेयकात ज्यानं त्यानं आपल्या मतदारसंघातला माल घुसवला. हजारावर अर्थतज्ज्ञांनी विनवूनही अध्यक्ष हूव्हर यांनी सही केली. विकसनशील देशांना शुल्कसवलत देणारी जीएसपी योजनाही ३१ डिसेंबर २०२० ला संपली, कारण काँग्रेसनं मुदत वाढवली नाही.

३. तरी मी काँग्रेसच्याच बाजूचा. विधेयक समितीत जातं, सुनावणी होते, बायरच्या संघटनांना बोलता येतं; महिनोन् महिने आधी चाहूल लागते. नव्या लूमचं कर्ज फेडायला वर्षं लागतात. एका रात्रीत बदलणाऱ्या दरावर पैसा घालायला ना मालक धजावतो, ना बँक.

४. साठ दिवसांची मुदत पुरत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सिनेटर ग्रासली आणि कँटवेल यांनी विधेयक आणलं: नव्या टॅरिफला काँग्रेसनं ६० दिवसांत मंजुरी दिली नाही, तर ते रद्द. हेतू चांगला आहे. पण सूतखरेदीपासून तिथल्या गोदामापर्यंत आमच्या ऑर्डरला त्याहून जास्त काळ लागतो. मतदान होईपर्यंत बायर ऑर्डर देणारच नाही, आणि तेवढे दिवस लूम बंद. अधिकार खरंच काँग्रेसकडे न्यायचा असेल, तर मतदान झाल्याशिवाय एक डॉलरही वसूल होता कामा नये.