किती जणांच्या सह्या हव्यात?



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

साधा अर्थ असा. भगवान अर्जुनाला म्हणतात, अत्यंत गूढ असं हे ज्ञान मी तुला सांगितलं. आता त्याचा नीट, पुरेपूर विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं कर.

कॉलेजात असताना हा श्लोक पहिल्यांदा वाचला तेव्हा खरं सांगायचं तर मी वैतागलो होतो. इतकं सगळं समजावून शेवटी 'तूच ठरव'? मग एवढा खटाटोप कशासाठी? हा श्लोक मला कळायला पुढे बरीच वर्षं आणि एक ऑनसाइटची ऑफर लागली.

झालं असं. मागच्या वर्षी कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीला जायचं विचारलं. त्याच सुमारास सांगलीला बाबांचा पार्किन्सन्स वाढत चालला होता. शर्टाची बटणं आई लावून द्यायला लागली होती. कंपनीला उत्तर द्यायला माझ्याकडे दहा दिवस होते.

पहिल्या रविवारी पहाटे नेहमीसारखा अठरावा अध्याय वाचला आणि डोळे मिटून बसलो. आवाज वगैरे काही आला नाही. पण उठलो तेव्हा मनात एक गोष्ट अगदी स्वच्छ होती. आत्ता बाबांजवळ असायला हवं. रात्री बायकोशी बोललो. तिचंही आयुष्य त्या निर्णयात होतं. ती म्हणाली, "मलाही तेच वाटतंय. ठरलं ना मग?"

ठरलं होतं. पण सोमवारी सकाळी मी एका मित्राला फोन केला. मग जुन्या मॅनेजरना. मग कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. मग मामा, मग शेजारचे काका, मग जर्मनीतच राहणारा एक सहकारी. कोणी म्हणालं, "अशी संधी परत येत नाही." कोणी म्हणालं, "आईवडील परत येत नाहीत." मी चक्क एक्सेल शीट उघडून दोन रकाने केले. गुरुवारपर्यंत नऊ मतं जमली होती आणि रविवारी पहाटे जे स्वच्छ दिसलं होतं ते पार गढूळ झालं होतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एकेचाळिसाव्या श्लोकात भगवान सांगतात की निश्चय असलेली बुद्धी एक असते आणि निश्चय नसलेल्यांच्या बुद्धीला असंख्य फांद्या फुटतात. आपण कोडवाले, आपल्याला हे लगेच कळावं. नऊ जणांनी नऊ ब्रँच काढल्या होत्या आणि मी मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवत बसलो होतो.

शेवटी धाकट्या बहिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तू सल्ला मागतच नाहीयेस. तू सह्यांची मोहीम चालवतोयस."

फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा होतो. खरंच होतं ते. काय करायचं हे मला माहीत होतं. मला भीती होती ती पुढची. उद्या या निर्णयाचा पश्चात्ताप झाला तर 'सगळ्यांनी हेच सांगितलं होतं' असं म्हणायची सोय मला हवी होती. देवाने दाखवलेल्या वाटेवर मला माणसांची गॅरंटी हवी होती. आणि मनाच्या तळाशी अजून एक गोष्ट होती, ती लिहायला आजही लाज वाटते. नऊतल्या पाच जणांनी 'जा' म्हटलं असतं, तर मी कदाचित गेलोही असतो. म्हणजे रविवारच्या पहाटेला मी एका मताची किंमत दिली होती. दहातलं एक मत.

आता पुन्हा अर्जुनाकडे येऊ.

अर्जुन शंका विचारत नाही असं मुळीच नाही. दुसऱ्या अध्यायात तो 'मी तुझा शिष्य आहे, मला सांग' असं म्हणतो आणि लगेच दोन श्लोकांनंतर 'मी लढणार नाही' असंही म्हणून टाकतो. आधी मार्गदर्शन मागायचं आणि मग उत्तर आपणच देऊन मोकळं व्हायचं, किती आपल्यासारखं आहे हे! तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो 'तुझ्या बोलण्याने माझा गोंधळ होतोय, एक काय ते नक्की सांग' अशी तक्रार करतो. पाचव्यात पुन्हा तेच. सहाव्यात म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, ते आवरणं अवघड आहे. अकराव्यात तर विश्वरूप दाखव म्हणतो.

पण हे सगळं तो एकाच ठिकाणी विचारतो. रथात, सारथ्याला. अठराव्या अध्यायाच्या शेवटी भगवान त्याला विचारतात, तुझा मोह गेला का? तेव्हा तो मागे वळून 'भीमा, तुला काय वाटतं?' असं विचारत नाही. त्र्याहत्तराव्या श्लोकात तो सांगतो की माझा संशय गेला, मी तू सांगतोस तसं करीन. ते सांगण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाची मान हललेली बघावी लागत नाही.

मग मोठ्यांना काही विचारायचंच नाही का? इथे महाभारतातला पुढचाच प्रसंग फार सुंदर आहे. भीष्मपर्वात गीता संपते, अर्जुन पुन्हा गांडीव उचलतो, आणि तेवढ्यात युधिष्ठिर कवच काढून, शस्त्र ठेवून, पायी शत्रूच्या सैन्याकडे चालू लागतो. भाऊ गोंधळतात. कौरवांना वाटतं, हा घाबरला. श्रीकृष्णाला मात्र कळलेलं असतं. युधिष्ठिर भीष्मांकडे, द्रोणांकडे, कृपाचार्यांकडे, शल्याकडे जातो. लढू की नको, हे तो विचारत नाही. ते ठरलेलं आहे. तो त्यांची अनुज्ञा आणि आशीर्वाद मागतो. ज्यांच्याविरुद्ध उभं राहायचं त्यांच्याच पाया पडतो, आणि परत येऊन कवच चढवतो.

या प्रसंगामुळे मला तीन गोष्टी वेगळ्या करता आल्या.

पहिली, माहिती. ती जरूर विचारावी. बाबांचा आजार कसा वाढत जातो हे डॉक्टरांनाच विचारायला हवं, देवाला विचारून गोळ्यांचा डोस ठरत नाही. आजच्या श्लोकातला 'पुरेपूर विचार कर' हा भाग यासाठीच आहे.

दुसरी, आशीर्वाद. तो जरूर घ्यावा. निर्णय झाल्यावर, नम्रपणे, वाकून.

तिसरी, दुजोरा. निर्णय झालेला असताना 'बरोबर केलं ना मी?' असं दहा जणांना विचारणं. याने पोट कधीच भरत नाही. एकाने 'हो' म्हटलं की संध्याकाळपर्यंत पुरतं, मग पुन्हा भूक लागते.

तुमच्यातले काही जण विचारतील, मनात आलं ते देवानेच सुचवलं हे कशावरून? आपलीच इच्छा देवाच्या नावावर खपवली नसेल कशावरून? प्रश्न अगदी रास्त आहे. मी स्वतःला दोन गोष्टी विचारतो. जे सुचलंय त्यात माझा स्वार्थ सुटतोय की पोसला जातोय? आणि त्याची किंमत मी मोजणार आहे की दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालणार आहे? उत्तर अस्वस्थ करणारं असेल तर अजून ठरवू नये, पुन्हा बसावं. संशय आला म्हणून देवाला राग येत नाही. अर्जुनाने तर शंकांची रांग लावली होती. फक्त त्या त्याने योग्य दाराशी नेल्या.

मी कंपनीला 'नाही' कळवलं. ऑफर टीममधल्या दुसऱ्याला मिळाली, त्याचे बर्फातले फोटो येतात, आणि हो, कधीकधी पोटात कालवतं. बाबांचा आजारही काही थांबलेला नाही. म्हणजे 'देवाचं ऐकलं आणि सगळं छान झालं' अशी ही गोष्ट नाही. पण दर शनिवारी सांगलीला गेलो की बाबांना फिरायला नेतो. गणपतीच्या देवळापर्यंत जायला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता पस्तीस लागतात. मागच्या महिन्यात मध्येच थांबून ते म्हणाले, "तुला तिकडे जायचं होतं ना रे?" मी म्हणालो, "नाही बाबा." आणि हे म्हणताना मला दुसऱ्या कोणाची साक्ष लागली नाही.

'तुझी इच्छा असेल तसं कर' यातला विश्वास मला आता कळतो. भगवंतांनी अर्जुनाला सोडून दिलेलं नव्हतं. रथाचे लगाम त्यांच्याच हातात होते. सारथी जागेवर आहे हे ठाऊक असलं की ठरवायची भीती कमी होते.

आजचा अभ्यास: सध्या ज्या एका निर्णयाबद्दल तुम्ही सगळ्यांना विचारताय, तो कागदावर लिहा. पुढचा फोन लावण्याआधी स्वतःला विचारा, मला माहिती हवी आहे, आशीर्वाद हवा आहे की दुजोरा? दुजोरा हवा असेल तर फोन बाजूला ठेवा आणि तोच प्रश्न दहा मिनिटं देवासमोर बसून विचारा.

आजची प्रार्थना: हे पांडुरंगा, तू दाखवलेली वाट मला दिसली की ती दहा जणांना दाखवत फिरण्याची माझी सवय जाऊ दे. शंका आली तर ती तुझ्याकडेच घेऊन येण्याची बुद्धी दे. आणि चाललो की लगाम तुझ्या हातात आहेत हे विसरू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी! उद्या भेटूच.