एका दिवसाला एकच खोरं

अगं, तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. बारा जण मिळून मावळात एक दिवस घालवायचा म्हणतेस, आनंद झाला. पण तू वाचून दाखवलेल्या यादीत कार्ला, भाजे, लोहगड, विसापूर, पवना धरण, भुशी, टायगर पॉइंट आणि परतताना चिक्की, एवढं सगळं होतं. ती ऐकून काळजी वाटली. शाळेत मास्तरकी करताना तीस वर्षं मुलांना घेऊन या डोंगरांत फिरलोय, त्यातून हाती लागलेलं थोडं तुझ्या पदरात टाकतो.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एका दिवसाला एकच खोरं. मावळ वरून बघितलं तर एक तालुका आहे, पण चालणाऱ्याला ते वेगवेगळे मुलूख लागतात. उत्तरेला आंद्रा नदीचं अंदर मावळ, दक्षिणेला पवनेचं पवन मावळ, मध्ये नाणे मावळ. नकाशावर दोन बोटांच्या अंतरावर दिसणारं गाव मध्ये डोंगराची धार आडवी आली की दोन तास लांब जातं, आणि रविवारी लोणावळ्याच्या चौकात गाडी अडकली तर त्याहून लांब.

इटलीला गेला होतात तेव्हाचं तूच सांगितलं होतंस. फ्लॉरेन्सहून सकाळी बस निघाली आणि एका दिवसात सिएना, सान जिमिन्यानो आणि पिसा उरकून रात्री परत. फोटो चारशे. पण घरी आल्यावर तू तासभर बोललीस ते फक्त दुपारच्या जेवणाबद्दल: द्राक्षमळ्यातलं ते घर, लांबलचक टेबल, आजीबाईंनी स्वतः वाढलेलं. शेतकऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून राहण्या-जेवण्याच्या या पद्धतीसाठी इटलीने १९८५ साली कायदा केला. आपल्याकडे महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. कायदा आणि धोरण असो वा नसो, चुलीपुढे बसवून भाकरी वाढणारं घर मावळात फार आधीपासून आहे. त्या घरापर्यंत भूक घेऊन आणि वेळ राखून पोचायचं, एवढंच आपल्याकडून लागतं.

तर यादी खोड. मळवली, भाजे, लोहगड. बस. कार्ल्याला चैत्रातल्या गर्दीचे दिवस सोडून वेगळ्या सकाळी जा. तिथला चैत्य आणि दारातलं एकवीरेचं देऊळ दोन्हींना पुरेसा वेळ द्यायला हवा. एकवीरा म्हणजे कोळ्या-आगऱ्यांची आई, तिथे रांगेत उभं राहणंही दर्शनाचाच भाग आहे. आणि त्या चैत्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत, हे तुझ्याबरोबर इटलीला आलेल्या मैत्रिणींना आवर्जून दाखव. समुद्रापलीकडच्या लोकांशी या घाटमाथ्याचा संबंध फार जुना आहे. पण ते पुढच्या वेळी.

गाडी करू नका, लोकलने जा. पुण्याहून सुटलेली लोकल सव्वा तासात मळवलीला येते, लोणावळ्याच्या अलीकडचंच स्टेशन. मुंबईची चौघं सकाळच्या इंद्रायणी एक्सप्रेसने लोणावळ्याला उतरून पुण्याच्या लोकलने एक स्टेशन पुढे येतील. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल विरळ असतात, म्हणून परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा आदल्या रात्री बघून कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात दे. फोनवर विसंबू नकोस, डोंगराआड रेंज जाते. आणि सकाळची पहिली किंवा दुसरी लोकल धरा. आठच्या सुमारास मळवलीला उतरलात तर दिवस तुमचा. दहाला उतरलात तर तो गर्दीचा.

स्टेशनातून एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव. रस्त्याला दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतील. तुम्ही जाताय तेव्हा लावणी चालू असेल. इथे माझं एक ऐक, बांधावरून चालू नका. फोटोसाठी एकामागून एक बारा जण त्या हातभर रुंद मातीवरून गेले की बांध खचतो, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि शेतकऱ्याला चिखलात उतरून पुन्हा तो बांध घालावा लागतो. तुमच्या ताटात येणारा इंद्रायणी भात याच मातीतला आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून तो १९८७ साली बाहेर पडला, आंबेमोहराचा वास त्याने घेतला आणि आज तालुकाभर तोच पिकतो. लावणी करणाऱ्या बायकांना लांबून हात करा, त्या हात करतील. त्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

भाज्याच्या लेण्यांना पायऱ्या चढून वीस मिनिटं लागतात. बावीस लेणी आहेत, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली. मुख्य चैत्यात गेल्यावर आधी बोलणं बंद करायचं, मग खांब बघायचे. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे तिरके बसवत. दगडात त्याची गरज नव्हती, पण कोरणाऱ्याच्या हाताला तीच सवय होती. मग मान वर करा, छताला लाकडाच्या कमानी आहेत. मी दरवेळी एखाद्या मुलाला मध्ये उभं करून त्या मोजायला लावायचो आणि दरवेळी तो आकडा विसरून नुसता बघत राहायचा. तिथून उजव्या हाताला शेवटाकडच्या विहारात जा. तिथे ओसरीत रथावरचा सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी दोन मोठी शिल्पं आहेत, आणि त्याच कोपऱ्यात एक बाई तालवाद्यं वाजवते आहे, शेजारी दुसरी नाचते आहे. गर्दीतली माणसं रथ बघून परत फिरतात. तू त्या वाजवणारीच्या हातांकडे बघ.

आता चालण्याचं. पायात नवे बूट नकोत, आणि ज्याचा तळ झिजून गुळगुळीत झालाय तेही नकोत. पावसाळ्यात सह्याद्रीचा काळा दगड ओला असला तरी बहुतेक धरून ठेवतो, पण हिरवी झाक आली की तो शेवाळलेला, तिथे पाऊल टाकायचंच नाही. उतरताना पाय जरा आडवा टाकायचा आणि गुडघा किंचित वाकवलेला ठेवायचा. मोज्यांचा एक कोरडा जोड आणि एक कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी. छत्री घरी ठेवा, वाऱ्यात तिची काडी होते. खायला गूळ-शेंगदाणे, दशम्या, चार लिंबं. पाणी प्रत्येकाचं प्रत्येकाने. पावसात तहान लागत नाही म्हणून माणूस पीत नाही आणि चढावर पायात गोळे येतात.

बारा जणांत कुणी एक पुढे असेल, कुणी एक शेवटी. पुढचा वाट ओळखणारा हवा, पण शेवटचा जास्त महत्त्वाचा. तो धीराचा असावा आणि त्याच्या गळ्यात शिट्टी असावी. त्याने कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही, मग पाय मुरगळलेला असो की फोटो काढणारा. हे मी शिकलो ते एका जुलैत, विसापूरवर. आम्ही चौदा जण होतो. पठारावर पोचलो आणि धुकं असं उतरलं की पाच पावलांवरचा माणूस दिसेना. मी पुढे होतो, शेवटचा कोण ते ठरवलंच नव्हतं. तटाच्या कडेने चालत असताना मागे वळून मोजलं तर अकरा. हाका मारल्या, वाऱ्याने त्या आमच्याच तोंडात परत घातल्या. दोन तास आम्ही एका जागी उभे राहून ताट बडवत होतो. ती तिघं पठारावर गोल फिरून अखेर त्या आवाजावर आली. त्यांतला एक मुलगा थंडीने थरथरत होता, त्याला मी माझा कोरडा सदरा घातला. त्यात दोष सगळा माझा होता. त्या दिवसापासून प्रत्येक वळणावर, प्रत्येक दरवाजात मी मोजतो. मोठ्याने मोजायचं. प्रत्येकाने आपला आकडा स्वतः बोलायचा. तुम्ही तिशीतली माणसं, लाज वाटेल. तरी मोजा.

भाज्याहून लोहगडवाडीला चालत दीड-दोन तास. ज्याचे गुडघे दुखतात त्याने भाज्यातून जीप किंवा रिक्षा करावी, त्यात कमीपणा नाही. वर गायमुख खिंडीत उभे राहिलात की एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. विसापूर उंच आहे, त्याच्याकडे बघून हात जोडा आणि लोहगडाकडे वळा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे चार दरवाजे एकामागून एक वळत जातात. वळणावर थांबून खाली बघा, आपण केव्हाच वरच्या तटाच्या माऱ्यात आलेलो असतो. शिवाजी महाराजांनी हा गड १६४८ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत आला. वर नाना फडणीसांनी बांधलेली सोळा कोनांची बाव आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत लोहगड आहे. तेव्हा तटावर नाव कोरणारा किंवा बाटली फेकणारा तुमच्यात कुणी निघाला तर त्याला तिथेच थांबव, मैत्री राहो न राहो. विंचूकाटा म्हणजे पश्चिमेकडे गेलेली ती लांब सोंड. स्वच्छ हवा असेल तरच तिकडे जा. धुकं असेल तर नाहीच.

जेवण लोहगडवाडीत. तिथल्या बायका घरोघरी जेवण करून देतात, पण आदल्या दिवशी कळवलं तरच ते खरं जेवण होतं, नाहीतर घाईचं. किती माणसं, किती वाजता, एवढं सांग आणि दिलेल्या वेळेला जा. पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात, वर कांदा फोडून. भाकरी थापणारीच्या शेजारी जरा बस. परातीत पिठाचा गोळा फिरतो, तळव्याचा कोरडा फटका बसतो, तव्यावर टाकल्यावर ती वरून पाण्याचा हात फिरवते आणि मग दोन्ही बाजू सुकल्या की भाकरी उचलून निखाऱ्यापाशी उभी करते. ती तिथे फुगते. फुगलेली पहिली भाकरी ती पाहुण्याला देते. पैशाची घासाघीस करू नका. ठरलेल्यापेक्षा चार पैसे जास्तच द्या आणि ताट धुवायला उचलून द्या.

पैशाचा हिशेब सोपा आहे. आधीच सारखी वर्गणी काढा, एकाच्या हाती द्या, उरलेले परत.

आता पाण्याबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतोय. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्या वर्षी १५ जूनला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांच्या भाराने कोसळून चौघं गेली. यातलं कुणी मरायला आलं नव्हतं, सगळी तुमच्यासारखीच मजेला आली होती. आपल्या डोक्यावर ऊन असतं तेव्हा घाटमाथ्यावर ढग फुटलेला असतो. लोणावळ्यात पडणारा पाऊस पुण्यापेक्षा कित्येक पट असतो, आणि ते पाणी ओढ्यात उतरायला काही मिनिटं पुरतात. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या, आवाज जड झाला, की त्याच क्षणी काठावर या, चप्पल राहिली तरी राहू दे. मुळात प्रवाहात उतरूच नका. भाज्याच्या लेण्यांजवळ पडणारं पाणी लांबून बघा, अंगावर घ्यायचं तर वर पाऊस आहेच. बंदीचा फलक लागलेला असेल तिथे पाऊल नको. आणि दारूची बाटली कुणाच्याही पिशवीत नको. ही अट मान्य नसलेल्याने येऊ नये.

चार वाजता खाली उतरायला लागा, मग गडावर कितीही बरं वाटत असो. उतरताना पाय थकलेले असतात, पडझड तेव्हाच होते. मळवलीला साडेसहाच्या आत पोचा. लोकल यायच्या आधी फलाटावर बसून ओले मोजे बदला, भिजलेल्यांना चहा पाजा, आणि कुणाला वाट्याला आलेलं काम आवडलं नसेल तर तिथेच बोलून घ्या, घरी गेल्यावर नको.

जायच्या आदल्या संध्याकाळी मला कळव, शिट्टी कुणाच्या गळ्यात आहे ते. आणि रात्री घरी पोचलीस की, कितीही उशीर होवो, फोन कर. काय काय बघितलं ते दुसऱ्या दिवशी सांग. त्या रात्री एवढंच सांग की बारा गेलात आणि बारा उतरलात.