वीज गेल्यानंतरची दक्षता

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई येथील वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. कळवा-पडघा परिसरातील उच्च दाबाच्या पारेषण वाहिन्यांतील बिघाडातून हा प्रसंग ओढवला. करोनाच्या साथीमुळे अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरत्या चालणाऱ्या उपनगरी गाड्याही जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी मुंबईला उर्वरित जाळ्यापासून अलग करून शहरातील वीजकेंद्रांवर चालविण्याची योजना पूर्वीपासून आहे. त्या दिवशी मात्र ती यशस्वी ठरली नाही. पुरवठा टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाला. काही भागांना रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली.

हा विलंब केवळ दिरंगाईचा नसतो. विजेची निर्मिती आणि मागणी यांचा मेळ प्रतिक्षणी राहिला, तरच जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झच्या आसपास स्थिर राहते. पुरवठा सुरू होताच प्रत्येक घरातील पंप, शीतकपाट व वातानुकूलन यंत्र एकदम चालू झाल्यास नुकताच उभा राहिलेला भाग पुन्हा कोसळण्याचा संभव असतो. म्हणून वीज जाताच उपकरणांची बटणे बंद करावीत आणि खूण म्हणून एखादाच दिवा चालू ठेवावा.

याहून गंभीर बाब जनित्राची आहे. सोसायट्या, दुकाने, अलीकडे ग्रामपंचायत कार्यालयेही जनित्र बाळगतात. ते मुख्य पुरवठ्यापासून अलग न करता घरातील वायरिंगला जोडल्यास वीज उलट दिशेने रोहित्राकडे जाते. जे रोहित्र एरवी ११,००० व्होल्टचा दाब घरगुती पातळीवर उतरविते, तेच आता तो चढविते. वाहिनी बंद आहे या समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाती जिवंत तार येते. वाहिनी भूसंपर्कित करण्याची दक्षता त्याने घ्यावयाची असते हे खरे. पण म्हणून जनित्र बाळगणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाऊ न देणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक कंत्राटदाराकडून बसवून घेणे, हाच यावरील उपाय होय.

जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे थकव्याचीच वाटतात व झोपलेला मनुष्य जागाच होत नाही. त्यामुळे जनित्र जिन्याखाली, गॅलरीत किंवा खिडकीलगत ठेवू नये. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीतील पाणी मेणबत्तीच्या उजेडात तपासण्याची सवयही घातक आहे, कारण भारित होताना शिसे-आम्ल बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो.

उद्वाहनात अडकलेल्याने घंटा वाजवून आतच थांबावे. दोन मजल्यांमध्ये अर्धवट उघडलेल्या दारातून उतरण्याचा प्रयत्न करू नये. त्याच वेळी वीज परतल्यास उद्वाहन हलू शकते. रखवालदारानेही दार ओढण्याऐवजी प्रशिक्षित तंत्रज्ञास किंवा अग्निशमन दलास बोलवावे.

घरी प्राणवायू यंत्रावर अवलंबून असलेल्या रुग्णासाठी भरलेला सिलिंडर हाताशी असावा आणि तो कसा उघडावयाचा, हे घरातील किमान दोघांना उजेडातच शिकवून ठेवावे.