कोळ्याची नवी जाती आणि वर्गीकरणशास्त्राची वाट

कोळ्याच्या नव्या जातीचा शोध म्हणजे रानात हिंडताना कधीही न दिसलेला प्राणी अवचित हाती लागणे, असा समज रूढ असला, तरी या कामाचा मोठा भाग सूक्ष्मदर्शकासमोर आणि जुने शोधनिबंध चाळण्यात जातो. सजीवांना ओळखून त्यांची नावे व नाती ठरवणाऱ्या या विद्याशाखेस वर्गीकरणशास्त्र म्हणतात.

पकडलेला कोळी 70 टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलमध्ये जतन केला जातो आणि मग त्याची तपासणी सुरू होते. रंग व नक्षी एकाच जातीतही बदलत असल्याने अभ्यासक मुख्यतः जननेंद्रियांच्या रचनेवर भिस्त ठेवतात. नराच्या तोंडाजवळील पेडिपाल्प नावाचे अवयव शुक्राणू मादीपर्यंत पोहोचवतात आणि त्यांची घडण बहुतेक जातींत वेगळी असते. हे अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण तयार होतात, म्हणून पिल्लावरून जात सांगणे सहसा जमत नाही. त्यानंतर ज्ञात जातींशी तुलना करावी लागते, आणि जगभरातील कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींची संख्या 2022 मध्येच 50,000 च्या पुढे गेली असल्याने, खरी चिकाटी येथेच लागते.

वेगळेपण सिद्ध झाले की सविस्तर वर्णन, मोजमापे आणि आकृत्यांसह निबंध प्रसिद्ध होतो. ज्या एका नमुन्याशी नाव कायमचे बांधले जाते त्यास होलोटाइप म्हणतात, आणि जैवविविधता अधिनियम, 2002 नुसार नव्या जातीचे नमुने नियुक्त संस्थेत जमा करावे लागतात. ठाणे-कल्याण परिसरातील उड्या मारणाऱ्या एका कोळ्यास 2021 मध्ये आयसियस तुकारामी हे नाव मिळाले; त्यातील पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा, आणि तो मुंबईवरील 26/11 च्या दहशतवादी हल्ल्यात कसाब या दहशतवाद्याला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आहे. स्वतःचेच नाव देण्याचा प्रघात मात्र नाही.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांची चिंता अर्थातच पोटापाण्याची असते, आणि ती अनाठायी नाही. केवळ कोळ्यांच्या अभ्यासासाठी असलेल्या नोकऱ्या अगदी थोड्या आहेत. प्राणिशास्त्रातील पदवी, पदव्युत्तर शिक्षण, नेट परीक्षा आणि पीएच.डी. एवढा पल्ला गाठल्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण, महाविद्यालयीन अध्यापन, संग्रहालये किंवा पर्यावरणीय पाहणीचे प्रकल्प ही क्षेत्रे खुली होतात, तीही स्पर्धेने. झटपट उत्पन्न हवे असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. उलट, ज्याला तासन्‌तास एका इवल्याशा अवयवाचे चित्र काढण्यात कंटाळा येत नाही, त्याला पदवीच्या काळातच चित्रांकन, छायाचित्रण आणि नमुनाजतन शिकण्याची मुभा द्यावी. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. सुट्टीत तेथे चौकशी करण्यापासून सुरुवात करावी.