नेट झिरो दुकान: आधी वापर कमी, मग पॅनेल

आपल्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तेच ऊन पिंपळनेरच्या दुकानावरही पडतं. म्हणून मी घाईने पॅनेलचं कोटेशन मागवलं. चुकलं!

नेट झिरो म्हणजे वर्षभर वापरली तेवढी वीज स्वतः बनवणं. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनावर ९३० किलोवॅटचे पॅनेल आहेत. पण इमारतीची रचनाच कमी वीज लागेल अशी केली.

आता हिशोब बघा. ७५ वॅटचे चार पंखे १० तास चालले, की ३ युनिट. २८ वॅटचे बीएलडीसी लावले, तर १.१२. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे जवळपास अर्धा किलोवॅट पॅनेल कमी लागलं, तेवढं कर्जही कमी!

नेट मीटरिंगमध्येही स्थिर आकार भरावाच लागतो, तो धरूनच कर्जाचा हप्ता ठरवा.